निसर्ग आणि शेजार

रम्य स्थळीं बिऱ्हाड करावें ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु स्थळाबरोबर शेजारहि पत्करावा लागतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अमेरिकेंतील युटा राज्याच्या दक्षिण सीमेवर मॉर्मन पंथीयांनीं १८७० सालीं वसविलेलें कॅनाब नांवाचें लहानसें गांव आहे. झायन व ब्राइस हीं राष्ट्रीय उद्यानें तेथून मोटारीनें दीड तासाच्या आंत. डोंगरांत भटकण्याची हौस असणाऱ्या गृहस्थास याहून अधिक काय हवें?

परंतु हा पंथ म्हणजे केवळ रविवारची प्रार्थना नव्हे. १८३३ मधील वचनाच्या आधारें चहा-कॉफीदेखील वर्ज्य. सोमवारची संध्याकाळ कुटुंबाकरितां राखलेली. बापाला कडे-दऱ्या मिळतात; सवंगड्यांचीं मिटलेलीं दारें मुलाला दिसतात. निवड एकाची आणि किंमत दुसऱ्याची, हाच येथें नीतीचा प्रश्न आहे.

मुलांच्या सोयीसाठीं न पटणाऱ्या पंथांत शिरणें हा दंभ होय. शेजाऱ्यांस केवळ देखाव्यांतील चित्रें समजणें हा उद्धटपणा. पाटाचें पाणी आणून त्या रुक्ष प्रदेशांत तीं माणसें टिकलीं तीं नियमबद्ध सहकार्यामुळेंच. नवागतास जाच वाटणारें बंधन त्यांचा आधार होतें.

म्हणून तेथें जाऊं इच्छिणाऱ्यानें स्वतःस विचारावें : डोंगर नसते तर या माणसांत मी राहिलों असतों काय? उत्तर नकारार्थी असेल तर सुटीपुरतें खुशाल जावें. मुलांना घेऊन बिऱ्हाड करूं नये.