मतपत्रिकेच्या तळाशी



अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते आणि आपली वर्तमानपत्रे त्या एका नावाने भरून जातात. परंतु त्या देशात लोकांनी निवडून द्यावयाच्या जागा सुमारे 5 लाख आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? राज्याचे विधिमंडळ, नगरपरिषद, शाळामंडळ, शेरीफ, सरकारी वकील, कित्येक राज्यांत तर न्यायाधीशसुद्धा! ही नावे मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाच्या नावाखाली छापलेली असतात. पुष्कळ मतदार वरच्या नावावर खूण करतात आणि खालचे रकाने कोरे सोडतात. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसलेल्या वर्षी तर कित्येक जण फिरकतच नाहीत. 2020 साली पात्र मतदारांपैकी सुमारे 66 टक्के लोकांनी मत दिले. 2022 साली हे प्रमाण सुमारे 46 टक्क्यांवर आले.

वरच्या एका जागी बरा माणूस बसविला म्हणजे पुरोगामी म्हणविणाऱ्याचे कर्तव्य संपते काय? हा प्रश्न राजकारणाचा दिसतो, पण मुळात तो नीतीचा आहे. कारण अन्याय राजधानीत बसून होत नाही. तो पोलीस चौकीत होतो, शाळेच्या दारात होतो, कर आकारणाऱ्याच्या टेबलावर होतो.

अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटीचे उदाहरण घ्या. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. 1965 साल उजाडले तेव्हा तेथील सुमारे 80 टक्के लोक काळे होते आणि मतदारयादीत मात्र एकही काळा माणूस नव्हता! वॉशिंग्टनमध्ये कोण होते? नागरी हक्कांच्या कायद्यावर सही करणारे जॉन्सन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदाही झाला. पण लाउंड्समधील शेरीफ गोरा, शाळामंडळ गोरे, जमीन गोऱ्यांची. ज्या कुळांनी यादीत नाव घातले त्यांना मालकांनी घराबाहेर काढले. ती कुटुंबे तंबू ठोकून राहिली. कायदा वरून आला होता, पण त्याची अंमलबजावणी ज्यांच्या हाती होती ते हात तेच होते.

मग त्या लोकांनी काय केले? स्टोकली कारमायकेल आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी आपला स्थानिक पक्ष काढला. शेरीफचे काम काय, कर आकारणाऱ्याचे अधिकार कोणते, हे समजावणाऱ्या चित्रपुस्तिका काढल्या. अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी मतपत्रिकेवर चिन्ह हवे होते. त्यांनी काळा चित्ता निवडला. 1966 च्या नोव्हेंबरात त्यांचे सारे उमेदवार पडले. परंतु त्यांनी रकाना सोडला नाही. 1965 साली सर्वप्रथम नाव नोंदविणाऱ्यांपैकी एक, जॉन ह्यूलेट, 1970 साली त्याच काउंटीचे शेरीफ झाले. ज्या पदाच्या नावानेच लोक थरथरत, त्या पदावर त्यांच्यातला माणूस बसला. तोच चित्ता ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने घेतला, आणि त्या पक्षाच्या नावावरून 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण ज्या नावाने घोषणा दिल्या ते नाव एका शेरीफच्या निवडणुकीतून आलेले आहे, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

उलट उदाहरणही आहे. 2008 साली ओबामा निवडून आले. पुरोगाम्यांना वाटले, जिंकलो! 2010 साली राज्यांच्या विधिमंडळांकडे त्यांचे दुर्लक्ष झाले आणि प्रतिपक्षाने नेमकी तीच काबीज केली. कारण जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत विधिमंडळच आखते. विस्कॉन्सिनमध्ये 2018 साली डेमोक्रॅट पक्षाला विधानसभेसाठी एकूण मते अधिक पडली, पण 99 पैकी जागा मिळाल्या 36. हा डाव मोडला कोठे? 2023 च्या एप्रिलमध्ये झालेल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाच्या निवडणुकीत. त्यानंतर त्याच न्यायालयाने डिसेंबरात त्या सीमा रद्द ठरविल्या.

राजकारणात व्यक्तिभक्ती लोकशाहीला हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी 1949 साली घटना समितीत दिला होता. एकाच पदाकडे टक लावून बसणे हीही भक्तीच होय. वरचा देव पावला की पुजारी कसा आहे हे पाहायचे नाही!

कोणी म्हणेल, पुरोगामी हा शिक्का पुरेसा आहे काय? मुळीच नाही. 2021 च्या जानेवारीत मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी जॉर्जियाच्या निवडणूक प्रमुखांना फोन करून आपल्याला हवी तेवढी, म्हणजे 11,780 मते शोधून काढा, असे सुचविले. ते गृहस्थ राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे, पुरोगामी तर नव्हतेच. त्यांनी नकार दिला. भिक्खुसंघात शलाका वाटून मत घेत, तेव्हा ते काम करणाऱ्या भिक्खूची पात्रता विनयात सांगितली आहे. त्याने छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी जाऊ नये, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला कळावे. म्हणून खालच्या उमेदवाराला पाठिंबा देताना त्याचा पक्ष पाहा, आणि त्याबरोबर त्या पदाला लागणारा गुण त्याच्यात आहे का हेही पाहा.

आता आपल्या अगदी जवळचे. 21 फेब्रुवारी 2023 रोजी सिएटल नगरपरिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. हा कायदा काँग्रेसने केला नाही, व्हाइट हाउसने केला नाही. नऊ जणांच्या नगरपरिषदेने 6 विरुद्ध 1 मतांनी केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने राज्यासाठी तसेच विधेयक संमत केले, पण ऑक्टोबरात राज्यपालांनी ते नाकारले. तेथील राज्यपालही निवडून येतो, हे तेथे नागरिक झालेल्या आपल्या बांधवांनी ध्यानात घ्यावे.

सिएटलचा ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. 2013, 2015 आणि 2019 साली त्या निवडून आल्या. ही तिन्ही वर्षे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची नव्हेत. 2021 च्या डिसेंबरात त्यांना पदावरून परत बोलाविण्यासाठी मतदान झाले. त्यांची जागा टिकली ती सुमारे 300 मतांनी. जातीवरील ठराव त्यानंतर चौदा महिन्यांनी आला.