घरातल्या पटावरची बरोबरी

घरात बुद्धिबळाचा पट मांडला की पहिली अडचण येते ती खेळणाऱ्यांच्या ताकदीतल्या फरकाची. आजोबा वर्षानुवर्षे खेळत आलेले असतात आणि नातीला घोड्याची अडीच घरे नुकतीच उमगलेली असतात. अशा वेळी मोठ्यांनी मुद्दाम हरायचे, हा तोडगा सर्रास वापरला जातो आणि तोच सर्वांत वाईट आहे. मुलांना ही लबाडी लवकर उमजते. मग पुढे खरोखर जिंकले तरी त्या विजयावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा कसलेल्या खेळाडूने आपला वजीर किंवा हत्ती आधीच पटावरून उतरवावा आणि उरलेल्या मोहऱ्यांनिशी मन लावून खेळावे, ही जुनी रीत कितीतरी सचोटीची. मूल जसजसे तयार होते, तसतसा वजिराऐवजी हत्ती, हत्तीऐवजी घोडा असा उतार कमी करता येतो. त्याची प्रगती त्याला स्वतःलाच दिसते.

स्पर्धेत हा प्रश्न नियमांनी सोडवलेला असतो. स्विस पद्धतीत शक्यतो सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. वय तिथे गौण ठरते. २०२५ च्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत जॉर्जियातल्या बाटुमी येथे झाली. त्यातली कोनेरू हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिची प्रतिस्पर्धी नागपूरची दिव्या देशमुख जन्मलीही नव्हती. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत एकोणीस वर्षांच्या दिव्याने बाजी मारली. याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. रौनक साधवानी (२०१९) आणि संकल्प गुप्ता (२०२१) यांनी हा किताब तिच्याआधीच नागपुरात आणला होता.

या यशाचा नागपूरला अभिमान वाटावा हे योग्यच. मात्र त्यामुळे घरचा पट ही केवळ किताबाची पहिली पायरी मानली गेली, तर नुकसान घराचेच होईल. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही आणि तीन पिढ्या एकाच कूलरसमोर बसतात. तिथे मानांकन कोणाच्या कामाचे? तिथे हवा असतो तो सर्वांना सामावून घेणारा डाव. नियम आधी ठरवून घ्यावेत हे बरे. जुन्या देशी पद्धतीत किल्लेकोट नव्हता आणि शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या पट्टीच्या मोहऱ्याचे रूप घेई. हे फरक खेळ अर्ध्यावर आल्यावर निघाले, तर भांडण ठरलेलेच.

चार-पाच जण असतील तर फाशांचे खेळ सोयीचे पडतात, कारण दैव दुबळ्याच्या बाजूनेही कौल देते. तरीही सगळे फासे सारखे नसतात. घरोघरी खेळल्या जाणाऱ्या ‘व्यापार’मध्ये दिवाळे निघालेला खेळाडू बाद होतो, आणि तो बहुधा लहानच असतो. १९९५ साली जर्मनीत आलेल्या ‘कॅटन’मध्ये कोणी बाद होत नाही. दुसऱ्याच्या पाळीतही फासा पडला की माल हाती येतो, त्याची अदलाबदल करता येते आणि मागे पडलेल्याशीही सौदा करावा लागतो. कुटुंबासाठी खेळ निवडताना पेटीवरच्या वयापेक्षा ही रचना आधी पाहावी.

डाव संपल्यावर सोंगट्या लगेच डबीत भरू नयेत. कुठली चाल चुकली हे जिंकणाऱ्याने पुन्हा मांडून दाखवावे आणि हरणाऱ्याला तिथून वेगळी चाल खेळून पाहू द्यावी.