रोखलेली तर्जनी आणि आरोपाचे दायित्व

मांगा आणि ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रकथा आणि जपानी ॲनिमेशनपट, यांच्या वाचक-प्रेक्षकाला एक मुद्रा विशेष परिचयाची असते. खांद्यापासून ताठ पसरलेला हात, त्याच्या टोकाशी उघडलेले एकच बोट, बोटामागे स्थिर झालेली नजर आणि सभोवारच्या, एका बिंदूकडे धाव घेणाऱ्या रेषा. हेरकथेत हे बोट खुन्याकडे रोखलेले असते, न्यायालयीन कथेत साक्षीदाराकडे, साहसकथेत प्रतिस्पर्ध्याकडे. ही मुद्रा इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे विडंबनही आता रूढ झाले आहे. परंतु तिच्यात गुंतलेला नैतिक प्रश्न विडंबनाने निकालात निघत नाही. माणसाकडे बोट रोखणे हे एक विधान असते: 'हाच तो.' हे विधान करणाऱ्याने त्याच्या सत्यतेसाठी स्वतःचे काय पणाला लावलेले असते, हा तो प्रश्न होय.

या बोटाचे नावच अर्थपूर्ण आहे. जपानी भाषेत त्याला 'हितोसाशियुबी' म्हणतात, म्हणजे माणसाकडे रोखण्याचे बोट. संस्कृतातून मराठीत आलेली 'तर्जनी' ही संज्ञा 'तर्ज्' या धातूपासून बनलेली आहे आणि त्या धातूचा अर्थ धमकावणे, निर्भर्त्सना करणे असा आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने हेच बोट उघडलेल्या हस्तमुद्रेला 'सूचीमुख' म्हटले. तेथे नाव आकारावरून आले आहे. 'तर्जनी'मध्ये मात्र कृतीचा हेतू नावातच शिरला आहे. जपानी शिष्टाचारात माणसाकडे बोट दाखवणे असभ्य मानले जाते. कोणाचा निर्देश करावयाचा झाल्यास उघडा तळहात वापरावा, असा संकेत आहे. पाठीमागून बोटे दाखवली जाणे हा तेथील वाक्प्रचार लोकनिंदेचा वाचक आहे. तेव्हा मांगातील रोखलेले बोट ही नित्यव्यवहारातील देहभाषेची नक्कल नव्हे. नित्यव्यवहाराने जे निषिद्ध ठरवले, ते करण्याचा अधिकार सत्याच्या नावाने एखाद्या पात्राला बहाल करणारी ती नाट्यमुद्रा आहे. तिचे नाट्य या मर्यादाभंगातच आहे.

चिन्हमीमांसेच्या दृष्टीने पाहता रोखलेले बोट हे निर्देशक चिन्हाचे अगदी प्राथमिक उदाहरण होय. चार्ल्स पर्स यांच्या विवेचनानुसार असे चिन्ह आपल्या विषयाचे वर्णन करत नाही. ते लक्ष बळाने त्या विषयाकडे वळवते. पण केवळ लक्ष वळवण्याने अर्थ निश्चित होत नाही. विटगेनस्टाइन यांनी १९५३ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या तत्त्वान्वेषणात दाखवून दिले की, कोणताही निर्देश अनेक प्रकारे समजून घेता येतो. बोट वस्तूकडे आहे, तिच्या रंगाकडे आहे की संख्येकडे, हे बोट स्वतः सांगू शकत नाही. माणसाकडे रोखलेल्या बोटाची हीच स्थिती आहे. 'हा येथे आहे' आणि 'हा अपराधी आहे' ही दोन विधाने एकाच हावभावात सामावलेली असतात. पहिल्याच्या सत्यतेला डोळे साक्षी असतात. दुसऱ्याला पुरावा लागतो. आरोपाच्या मुद्रेचे सामर्थ्य, आणि तिचा धोकाही, या दोहोंतील अंतर बुजवण्यात आहे.

हे अंतर बुजवण्याची साधने मांगाने विलक्षण परिणत केली आहेत. 'शूचूसेन' म्हणजे केंद्रगामी रेषा चौकटीच्या चारी कडांपासून एका बिंदूकडे धावतात आणि वाचकाच्या नजरेला दुसरीकडे जाण्यास वावच ठेवत नाहीत. 'बिशि' हा छडी सपकन बसावी तसा ध्वनिवाचक शब्द ठळक अक्षरांत बोटापाशी लिहिला जातो आणि निःशब्द हावभावाला आघाताचे रूप देतो. यथार्थदर्शनाच्या अतिरेकामुळे बोटाचे टोक मनगटाहून मोठे दिसते. चौकटीचा दृष्टिकोन आरोपिताचा असेल, तर ते थेट वाचकावर येऊन थांबते. ॲनिमेमध्ये याला निर्मितीच्या अर्थकारणाची जोड मिळाली. १ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या तेझुका ओसामू यांच्या 'तेत्सुवान आतोमु'ने मोजक्या चित्रांत काम भागवण्याची पद्धती रूढ केली. या पद्धतीत स्थिर चित्र धरून ठेवणे ही काटकसर होती. पण धरून ठेवलेल्या चित्रात हालचाल थांबते, तसा प्रतिवादाला लागणारा काळही थांबतो. बोट रोखले गेले आहे आणि त्या क्षणापुरते जगात दुसरे काहीच घडत नाही. निश्चिती ही येथे तर्काने सिद्ध केलेली नसते. ती आकृतिबंधाने निर्माण केलेली असते.

झेन पंथामुळे जपानमध्ये सुपरिचित झालेला, चंद्राकडे दाखवणाऱ्या बोटाचा बौद्ध दृष्टान्त या संदर्भात आठवतो. चंद्र दिसावा म्हणून बोट असते. बोटालाच चंद्र समजणे हा मोह होय. वर वर्णिलेल्या चौकटीत नेमका हा मोह रचलेला असतो, कारण तेथे सर्व रेषा बोटाला उजळ करतात.

हेरकथेचा प्रकार घेतला म्हणजे या मुद्रेची नैतिक बाजू अधिक स्पष्ट होते. १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'किंदाइची शोनेन नो जिकेनबो' या मालिकेचा शालेय नायक हा योकोमिझो सेशी यांच्या विख्यात सत्यान्वेषी किंदाइचीचा नातू म्हणून कल्पिलेला आहे. सर्व संशयितांना एकत्र जमवून तो रहस्य उलगडतो आणि अखेरीस त्याचे बोट एका व्यक्तीवर स्थिरावते. पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. क्षणभर प्रतिकार, मग पराभव, मग कबुलीजबाब आणि पूर्ववृत्तान्त. उपलब्ध पुरावा पुष्कळदा न्यायालयात टिकण्याइतका नसतो. त्याची उणीव कबुली भरून काढते. म्हणजे निर्देशाची सत्यता सिद्ध करण्याचे काम ज्याच्याकडे निर्देश केला त्याच्यावरच सोपवलेले असते. बोट दाखवणाऱ्याला चूक करण्याची शक्यताच संहितेने शिल्लक ठेवलेली नसते.

या रचनेला जपानी न्यायव्यवस्थेच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिले पाहिजे. तेथील फौजदारी खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण नव्याण्णव टक्क्यांहून अधिक राहिले आहे. खात्रीची वाटतील तेवढीच प्रकरणे अभियोक्ते न्यायालयात नेतात, हे त्याचे एक कारण. कबुलीजबाबाला मिळालेले महत्त्व हे दुसरे. १९६६ मध्ये शिझुओका प्रांतात एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि हाकामादा इवाओ या तीस वर्षांच्या माजी मुष्टियोद्ध्याला अटक झाली. प्रदीर्घ चौकशीनंतर त्यांच्याकडून कबुली घेण्यात आली. खटल्यात त्यांनी ती नाकारली, तरी १९६८ मध्ये त्यांना देहान्ताची शिक्षा झाली आणि १९८० मध्ये ती कायम झाली. शिक्षा देणाऱ्या पीठावरील एक न्यायाधीश कुमामोतो नोरिमिची यांनी २००७ मध्ये जाहीरपणे सांगितले की, ते निर्दोष असल्याचे आपले मत तेव्हाच झाले होते. हाकामादा यांची २०१४ मध्ये सुटका झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते निर्दोष ठरले. कबुलीच्या नोंदीसह पुराव्यातील तीन बाबी तपासयंत्रणेने बनावट रचल्याचे न्यायालयाने म्हटले. बोट रोखले गेले, कबुली मिळाली, कथा पूर्ण झाली. खोटा ठरला तो निर्देश.

यावर असा आक्षेप संभवतो की, हेरकथा हा एक क्रीडाप्रकार आहे आणि त्याचे नियम वाचकाला ठाऊक असतात. रहस्य सुटणार, बोट बरोबर जागी पडणार, या कराराखातरच तर तो वाचतो. त्याला न्यायालयीन वास्तवाची कसोटी लावणे म्हणजे प्रकारभेद विसरणे होय. आक्षेप दुर्लक्षणीय नाही. चित्रकथांनी पोलिसी चौकशी घडवली, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही आणि तसा दावा येथे केलेला नाही. प्रश्न परिणामाचा नसून घाटाचा आहे. प्रत्येक घाट सत्य कसे दिसते याची एक प्रतिमा वाचकाच्या मनात रुजवतो. निर्देशामागोमाग कबुली ही प्रतिमा पुनःपुन्हा रुजत असेल, तर ती निरपवाद आहे असे मानण्याची सवय कशी लागते, हे विचारण्याचा अधिकार समीक्षेला आहे. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे हा प्रश्न बाहेरून लादलेला नाही. मांगा आणि ॲनिमे यांनी तो आपल्या परीने स्वतःला विचारलेला आहे.

फुजिको फुजिओ आ यांच्या 'वाराउ सेरुसुमान' या मालिकेतील हसरा विक्रेता मोगुरो फुकुझो हे याचे पहिले उदाहरण. या पात्राचा उगम १९६८ च्या सुमाराचा. १९८९ च्या ॲनिमे मालिकेने ते घरोघर पोहोचवले. मोगुरो एकाकी, असमाधानी माणसांची इच्छा पुरवतो, एक अट घालतो आणि अट मोडली की तर्जनी रोखून गडगडाटासारखा उद्गार काढतो. त्यासरशी त्या माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते. येथे निर्देश आणि शिक्षा यांत काहीही अंतर उरलेले नाही. पुरावा नाही, सुनावणी नाही. मोगुरोच्या चेहऱ्यावरचे हास्य तेवढे बदलत नाही, कारण त्याचे स्वतःचे काहीच पणाला लागलेले नसते. ही उपहासकथा एक भयावह सत्य उघड करते: किंमत न मोजता रोखता येणारे बोट शेवटी निवाडा करू लागते.

दुसरे उदाहरण आओयामा गोशो यांच्या 'मेइतान्तेइ कोनान'चे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत विषप्रयोगाने बालदेहात अडकलेला तरुण सत्यान्वेषी मोरी कोगोरोला गुंगीच्या सुईने झोपवतो आणि आडोशाला राहून त्याच्या आवाजात आरोप करतो. निद्रिस्त मोरी बोट रोखू शकत नाही. आरोप करणारा आवाज आणि त्याचे श्रेय घेणारा देह यांची येथे फारकत झाली आहे. ही विनोदी युक्ती असली, तरी दायित्व कोणाचे, हा प्रश्न तिच्यामुळे लोंबकळत राहतो. मालिकेतील 'मूनलाइट सोनाटा' हत्याप्रकरणात त्याला उत्तर मिळते. अपराधी ओळखला जातो, पण जळत्या इमारतीत पियानो वाजवत मृत्यू पत्करतो आणि कोनान त्याला वाचवू शकत नाही. ही घटना पुढेही त्याच्या मनावर ओझे होऊन राहते. अचूक निर्देश केल्याने निर्देशकाचे कर्तव्य संपत नाही, याची ही कबुली आहे. आणि ती अपराध्याने नव्हे, सत्यान्वेषीच्या बाजूने दिलेली आहे.

तिसरे उदाहरण या मुद्रेला अगदी उलटे फिरवते. ताकुमी शू यांनी रचलेला 'ग्याकुतेन साइबान' हा २००१ मधील संगणकीय खेळ. त्यावरून पुढे मांगा आणि २०१६ मध्ये ॲनिमे मालिका निघाली. त्याचा नायक बचावपक्षाचा वकील आहे. हरकत घेताना तो मेजावर ओणवा होऊन तर्जनी पुढे फेकतो. मात्र हे बोट प्रथमतः एखाद्या माणसाचा अपराध दाखवत नाही. ते साक्षीतील एका वाक्याचा पुराव्याशी असलेला विरोध दाखवते. निर्देशाचा विषय विधान हा असल्याने निर्देश तपासता येतो. शिवाय मूळ खेळात चुकीच्या जागी हरकत घेतली, तर किंमत मोजावी लागते. चुका साचल्या की खटलाच हातचा जातो. बोट रोखणाऱ्याला चुकण्याची शक्यता आणि चुकीची किंमत या दोन्ही गोष्टी येथे प्रथमच मुद्रेच्या अंगभूत झाल्या आहेत. तथापि ही सुधारणा अपुरी राहते. या कथाविश्वात आरोपी निर्दोष सुटावा यासाठी वकिलाला बहुधा खरा अपराधीच शोधून द्यावा लागतो. शंकेचा लाभ पुरेसा पडत नाही. एका माणसावरून काढलेले बोट दुसऱ्या माणसावर ठेवल्याखेरीज कथा थांबत नाही, आणि तो दुसराही अखेर कोसळून कबुली देतो. निर्दोषत्वाचे गृहीतक हे न्यायतत्त्व रिकाम्या राहिलेल्या बोटाची मागणी करते. तेवढे धैर्य या घाटाला होत नाही.

रिकाम्या न राहिलेल्या, तरीही कोणावर न रोखलेल्या बोटाचे एक उदाहरण जपानी जीवनात रोज दिसते. तेथील रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे, घड्याळाकडे, फलाटाच्या कडेकडे तर्जनी रोखतात आणि जे दिसले ते मोठ्याने उच्चारतात. 'शिसा कांको' नावाने ओळखली जाणारी ही पद्धती विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून चालत आली आहे. १९९४ मधील रेल्वे तंत्र संशोधन संस्थेच्या प्रयोगात बोट व उच्चार या दोहोंच्या वापराने चुकांचे प्रमाण २.३८ टक्क्यांवरून ०.३८ टक्क्यांवर आल्याचे नोंदले गेले. येथील बोट दुसऱ्याला काही दाखवत नाही. ते दाखवणाऱ्याचे स्वतःचे लक्ष बांधून घेते. 'मी पाहिले' हे त्याचे विधान आहे आणि पाहण्यात चूक झाली तर तिचा भार त्याच्यावरच पडणार आहे. हावभाव तोच, देह तोच, संस्कृतीही तीच. तरी अधिकाराची दिशा उलटलेली आहे.

एक बोट दुसऱ्याकडे रोखले की तीन बोटे स्वतःकडे वळतात, ही मराठीतील प्रचलित उक्ती सामान्यतः नम्रतेचा उपदेश म्हणून उद्धृत होते. तिच्यात एक ज्ञानमीमांसात्मक आशयही आहे. निर्देशाला एक विषय असतो, तसाच एक कर्ताही असतो. आणि कर्त्याची साक्ष तपासल्याशिवाय निर्देश पूर्ण होत नाही. मांगाच्या चौकटीत वाचकाकडे झेपावणारे बोट जितके मोठे काढले जाते, तितकी मागची वळलेली बोटे त्याच्या आड जातात. चित्रकाराच्या दृष्टीने तो यथार्थदर्शनाचा नियम आहे. आरोपाचा विचार करणाऱ्याने मात्र आड गेलेली बोटे मोजली पाहिजेत: पुरावा कोणता होता, चूक झाली असती तर ती कोणी भोगली असती आणि निर्देश खरा ठरल्यावर ज्याच्याकडे बोट दाखवले त्या माणसाचे पुढे काय झाले. या तीन प्रश्नांना ज्या कथेत जागा आहे, तिच्यातील तर्जनी नाट्यमय असूनही न्याय्य असू शकते. जिच्यात ती नाही, तिच्यातील तर्जनी अपराध्यावर रोखलेली असली तरी केवळ योगायोगाने बरोबर असते.