विकले म्हणजे संपले?

जुलै १९७१ मध्ये बाल्टिमोर बंदरात 'पद्मा' हे पाकिस्तानी मालवाहू जहाज येत होते. क्वेकर कार्यकर्ते आणि त्यांचे मित्र, अशी मूठभर माणसे छोट्या होड्या वल्हवत त्याच्या वाटेत आडवी गेली. त्यांना अटक झाली आणि जहाज धक्क्याला लागले. पण पुढे फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजांवर माल चढवायला नकार दिला.

आपल्यातल्या ज्येष्ठांना ते वर्ष आठवत असेल. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि त्यांच्या मदतीसाठी पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. अत्याचार करणाऱ्या सैन्याकडे अमेरिकन रणगाडे आणि विमाने होती. ढाक्यातील वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी ६ एप्रिलला आपल्याच सरकारच्या धोरणाचा निषेध करणारी तार पाठवली. वॉशिंग्टनने नवे परवाने थांबवले होते, तरी जुन्या परवान्यांवरचा माल जातच राहिला. उरलेले परवाने रद्द व्हायला नोव्हेंबर उजाडला.

मानवी हक्क तुडवल्याचा आरोप असलेल्या देशाला शस्त्रे विकावीत का? 'आपण नाही विकली तर दुसरा विकेल,' हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. मी वीस वर्षे सॉफ्टवेअर सल्लागार म्हणून काम करतो आहे. मोठी प्रणाली बसवून दिली की व्यवहार संपत नाही; दुरुस्ती, सुधारणा, देखभाल वर्षानुवर्षे चालते. लढाऊ विमानाचेही तसेच आहे. सुटे भाग आणि तंत्रज्ञ मिळाले नाहीत तर ते फार काळ उडत नाही, आणि एफ-१५ चे भाग काही कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात मिळत नाहीत. म्हणून विकणाऱ्याला नामानिराळे राहता येत नाही. जबाबदारी त्याची आहे, आणि थांबवण्याची ताकदही त्याच्याच हातात आहे.

येमेनमध्ये हेच दिसले. २०१५ पासून सौदी आघाडीने अमेरिकन आणि ब्रिटिश विमानांतून बॉम्बफेक केली. ९ ऑगस्ट २०१८ ला सादा प्रांतात शाळकरी मुलांच्या बसवर बॉम्ब पडला आणि सुमारे चाळीस मुले गेली. २०१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने शस्त्रविक्री रोखणारे ठराव मंजूर केले, पण राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ते नाकारले. २०२१ मध्ये बायडन सरकारने आक्रमक शस्त्रांची विक्री थांबवली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू केली.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. आरोप म्हणजे पुरावा नव्हे, आणि बडी राष्ट्रे सोयीने न्याय करतात. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा बंद केला होता. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. म्हणून नुसत्या आरोपावर सरसकट बंदी मला मान्य नाही. शहरांवर येणारी क्षेपणास्त्रे अडवणारी यंत्रणा विकायला माझी हरकत नाही. पण विकणाऱ्याचेच अधिकारी धोक्याची घंटा वाजवत असतील, तर आधी विक्री थांबवावी आणि मग चौकशी करावी. थांबवायची तर जुने परवाने आणि सुटे भागही थांबवावेत. नाहीतर १९७१ सारखी पळवाट राहतेच.

याची किंमत आहे. मंडळातले काहीजण संरक्षण कंपन्यांत नोकरी करतात. आपल्या ४०१(के) मधल्या इंडेक्स फंडातही त्या कंपन्यांचे शेअर असतात. एखाद्या घरची नोकरी जाऊ शकते, हे मी हलक्याने घेत नाही. पण नोकरी दुसरी शोधता येते.

आज भारतही शस्त्रे निर्यात करतो. २०२२ मध्ये ब्राह्मोससाठी फिलिपिन्सशी करार झाला. उद्या हाच प्रश्न दिल्लीलाही पडेल. १९७१ मध्ये अमेरिकेने ती जहाजे पाठवायला नको होती, असे आपण सारेच म्हणतो. मग मरणारे आपले शेजारी नसतील, तेव्हाही आपल्याला तेच म्हणावे लागेल. मतदार असाल तर आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला तसे एक पत्र जरूर लिहा.