फळाची आस आणि फळाची वार्ता

फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, ही शिकवण आम्हां मराठी नोकरदारांच्या कानांवर लहानपणापासून पडत आलेली आहे. तिच्या बळावर कित्येकांनी आयुष्यभर सचोटीने नोकरी केली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कचेरीत तिला हळूहळू एक निराळाच अर्थ चिकटला आहे. कागदावर सही झाली, जावक क्रमांक पडला, की कर्तव्य संपले. पुढे त्या कागदाचे काय झाले याची चौकशी करणे म्हणजे जणू फळाची आसक्तीच! हा अर्थ खरा आहे काय, हे आम्हांला पाहावयाचे आहे, आणि त्यासाठी थोडा वेळ यंत्रशास्त्राच्या दारी जावयाचे आहे.

आम्ही राहतो ते नवा रायपूर हे योजून वसविलेले शहर. १४ जून २०१८ रोजी येथे एका मोठ्या नियंत्रण केंद्राचे उद्घाटन झाले. पाणी, वीज, सांडपाणी, रहदारी यांच्या खबरा तेथे एका छताखाली पडद्यांवर उमटतात. पाहणारा पडदे पाहून दिपतो; पण खबर दिसणे हे काही नियंत्रण नव्हे. दिसलेल्या खबरेवरून कोठेतरी झडप फिरली पाहिजे, आणि ती फिरल्याचा परिणाम पुन्हा पडद्यावर आला पाहिजे. हे वर्तुळ पुरे झाले तरच त्याला नियंत्रण म्हणावयाचे. परत येणाऱ्या या खबरेला इंग्रजीत फीडबॅक म्हणतात, येथील हिंदी पत्रव्यवहारात ‘प्रतिपुष्टि’ म्हणतात. आम्ही या लेखापुरते तिला ‘परतवार्ता’ म्हणू.

तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या एंजिनाला जोडलेला नियामक. एंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर दोन जड गोळे टांगलेले असतात. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप आवळते. वेग मंदावला की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. एंजिनाने केलेल्या कामाचा परिणामच एंजिनाचा लगाम होतो. उलट, कितीही सूक्ष्म गणित करून झडप एकदाच कायमची बसवून ठेवली, तर भार बदलताच ते गणित व्यर्थ जाते. गणित करणारा प्रामाणिक होता, एवढ्याने एंजिन सावरत नाही.

येथे एक सावधगिरीही आहे. नियामक असूनही काही यंत्रे स्थिरावण्याऐवजी अधिकच हेलकावे खात. १८६८ साली मॅक्सवेलने हे हेलकावे केव्हा विरतात आणि केव्हा वाढत जातात याचे गणित मांडले. थंडीत न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडणाऱ्याला यातले मर्म वेगळे सांगावे लागत नाही. पाणी गार म्हणून तोटी पुरी फिरवावी, तो मागाहून चटका बसावा. मग घाईने उलट फिरवावी, तो पुन्हा हुडहुडी! वार्ता उशिरा येते आणि दुरुस्ती जोरात होते, तेव्हा दुरुस्तीच रोग बनते. प्रत्येक तक्रारीसरशी नवे परिपत्रक काढणारे वरिष्ठ आमच्या वाचकांनी पाहिलेच असतील.

आता आपल्या देशाची वीज पाहा. मार्च २००३ मध्ये रायपूर-राऊरकेला वाहिनीने पश्चिमेची आणि पूर्वेची जाळी एक झाली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणही तीत मिळाली. आज कोरब्याचे जनित्र आणि कोयनेचे जनित्र एकाच तालावर, सेकंदाला ५० आवर्तनांच्या लयीत बांधलेले आहे. मागणी उत्पादनाहून वाढली की हा ताल सर्वत्र एकदम मंदावतो. याहून निःपक्षपाती परतवार्ता आम्हांला ठाऊक नाही.

तरीही ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी, दक्षिण अजून वेगळी होती तेव्हा, जाळी कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग गेले आणि सुमारे ६० कोटी लोकवस्तीचा प्रदेश विजेवाचून राहिला. आपला पश्चिम विभाग वाचला. काही वाहिन्या बंद होत्या, उरलेल्यांवर भार फार होता, हे खरेच. परंतु ठरल्याहून अधिक वीज ओढू नका, अशा सूचना राज्यांना जात होत्या आणि त्यांचे पुरेसे पालन झाले नाही, हेही चौकशी समितीने नोंदविले. वार्ता होती, हात हलला नाही. आणि त्या हातांना दुष्ट तरी कसे म्हणावे? आपल्या गावांना वीज द्यावी, यापलीकडे त्यांचा हेतू नसावा.

झडपेवरचा हात आणि परिणामाचे ठिकाण यांत अंतर पडले की काय होते, हे याच छत्तीसगडात आपल्या पूर्वजांनीही दाखविले आहे. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास स्वतः राहिले. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. त्यांच्यामागे व्यंकोजींनी नागपुरास राहून सुभेदारांकरवी कारभार चालविला, आणि ठरलेला वसूल नागपुरास पोचणे हीच सुभेदाराची मुख्य परीक्षा झाली. बिंबाजी देवमाणूस होते असा आमचा दावा नाही. पण दुष्काळ पडला तर तो त्यांच्या वाड्यासमोर पडत होता. नागपुरास पोचत होता तो केवळ वसुलाचा आकडा.

मग गीतेची शिकवण? टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ती कर्मत्यागाची नव्हे, कर्माची आहे असे प्रतिपादिले. आम्हांला वाटते, आसक्ती आणि दखल यांतला भेद येथे नीट धरला पाहिजे. चांगला वैद्य मानधनाची आशा धरीत नाही. पण काल दिलेल्या औषधाने ताप उतरला की नाही, हे पाहण्यासाठी आज नाडी धरतोच. नाडी न धरता ‘मी माझे कर्म केले’ म्हणणाऱ्याला कोणी निष्काम म्हणणार नाही.

यावर कोणी म्हणेल, कारकुनाने परिणाम पाहू लागावे तर नियमाचा निःपक्षपातीपणा जाईल. ही भीती पोकळ नाही; ओळखीच्या माणसाचा परिणाम आपल्याला लवकर दिसतो आणि अनोळखी माणसाचा दिसतच नाही. पण दुसरी बाजूही पाहा. आमच्या माहितीतल्या एका कचेरीतून एका विधवेचे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण तीनदा परत गेले, दर वेळी एकेका त्रुटीसाठी. तिन्ही शेरे नियमाला धरून होते. तिन्हींवर सह्या निरनिराळ्या होत्या, कारण दरम्यान दोन बदल्या झाल्या. त्या बाईंचे दीड वर्ष गेले, हे मात्र तिघांपैकी एकालाही कळले नाही.

बदली हा आपल्या धंद्याचा धर्मच आहे. तीन वर्षांत माणूस उठतो आणि त्याच्या निर्णयाचे फळ त्याच्या जागी येणाऱ्याच्या टेबलावर पडते. कार्यभार सोपविताना आपण किल्ल्या देतो, शिक्के देतो, प्रलंबित प्रकरणांची यादी देतो. ज्या प्रकरणांवर ‘निकाली’ असा शेरा पडला आहे पण ज्यांचा परिणाम अजून यावयाचा आहे, त्यांच्यासाठी त्या यादीत रकाना नाही. तो असावा, आणि सहा महिन्यांनी त्यातली एक ओळ जुन्या माणसाच्या नव्या पत्त्यावर कळवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.