'मर्फी' वाचताना हसावे का?

सॅम्युअल बेकेट म्हटले की वाचकाला 'वेटिंग फॉर गोदो' आठवते. ते नाटक रंगमंचावर आले १९५३ साली. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९३८ मध्ये, बेकेटची 'मर्फी' ही कादंबरी लंडनहून निघाली. तीही चाळीसेक प्रकाशकांनी परत पाठवल्यावर. चित्रकार जॅक येट्स यांनी शब्द टाकला तेव्हा कुठे रूटलेज तयार झाले. पॅरिसच्या रस्त्यावर एका अनोळखी माणसाने सुरा खुपसल्यामुळे बेकेट तेव्हा इस्पितळात होता. मुद्रिते त्याने खाटेवर पडूनच तपासली.

कादंबरी विनोदी आहे. मर्फी हा आयरिश तरुण लंडनमध्ये राहतो आणि काम करणे त्याला मान्य नाही. उघड्या अंगाने झुलत्या खुर्चीला सात मफलरींनी स्वतःला बांधून घ्यायचे आणि मनाच्या आत उतरायचे, एवढेच त्याला हवे असते. चोखंदळ वाचकांनी त्या मफलरी मोजल्या. दोन नडग्यांना, एक मांड्यांना, दोन छातीपोटाला, एक मनगटांना. झाल्या सहा. सातवी कुठे गेली यावर विद्वानांनी कागद खर्च केले आहेत. मर्फी स्वतः पाच बिस्किटे किती प्रकारे खाता येतील याचा हिशेब करत बसतो, उत्तर एकशेवीस येते, आणि तेवढ्यात एका बाईचा कुत्रा त्यातली चार फस्त करतो. इथे न हसणारा वाचक आम्हाला अजून भेटायचा आहे.

प्रश्न पुढे येतो. सीलिया ही रस्त्यावर शरीर विकून जगणारी मुलगी मर्फीवर प्रेम करते. त्याने काम धरावे म्हणजे आपल्याला पुन्हा त्या धंद्यात जावे लागणार नाही, एवढेच तिचे मागणे. मर्फी काम धरतो ते वेड्यांच्या इस्पितळात, आणि तिथले रोगी पाहून त्याला वाटते, हीच आपली माणसे. जगाच्या कटकटीतून सुटलेली, आतल्या आत सुखी. बाहेर वाट पाहणाऱ्या सीलियाचा त्याला विसर पडतो.

आमचे एक चाचा अनेक वर्षे मनोरुग्णालयात होते. त्यांना भेटायला जायचो तेव्हा ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत आणि आम्ही पोरे तोंड दाबून हसायचो. अम्मीने परत येताना एकदाच डोळे वटारले. बोलली काही नाही. त्यामुळे 'मर्फी'चा हा भाग पहिल्यांदा वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. वेड्यांच्या घरात कादंबरीकाराने विनोद करावा, हे काही आम्हाला पटेना.

दुसऱ्या वाचनात आमची चूक ध्यानात आली. बेकेट त्या रोग्यांना हसत नाही. १९३५ मध्ये त्याने लंडनचे बेथलेम इस्पितळ आतून पाहिले होते. त्याचा एक मित्र तिथे डॉक्टर होता. कादंबरीत मर्फी एंडन नावाच्या रोग्याबरोबर बुद्धिबळ खेळतो. एंडन त्याची सोंगटी मारत नाही, अडवत नाही, आपल्याच सोंगट्या शिस्तीत पुढे नेतो आणि होता होईल तेवढ्या मागे आणून ठेवतो. शेवटी मर्फी हार मानतो. मग तो एंडनच्या डोळ्यांत अगदी जवळून पाहतो, आणि आपण या माणसाला दिसतच नाही हे त्याला कळते. इथे हसू होते ते मर्फीचे. दुसऱ्याच्या आजाराला मुक्ती समजणाऱ्या शहाण्याचे. चाचांना 'अल्लाचा माणूस, त्यांना कसली फिकीर' म्हणणारे नातेवाईक आमच्याकडेही होते. रात्री चाचा का ओरडतात, हे मात्र त्यांच्यापैकी कोणी विचारले नाही.

एका ठिकाणी मात्र आम्ही बेकेटला माफ करू शकत नाही. त्या इस्पितळात ऑस्टिन टिकलपेनी नावाचा दारुडा, बावळट कवी नोकर आहे. डब्लिनच्या वाचकांनी त्यात कवी ऑस्टिन क्लार्क यांना ओळखले. क्लार्क खरोखरच मनाच्या आजाराने १९१९ मध्ये डब्लिनच्या इस्पितळात राहून आले होते. गंमत अशी की, नोव्हेंबर १९३७ मध्ये, 'मर्फी' छापून येण्याच्या काही महिने आधी, बेकेट डब्लिनच्या न्यायालयात साक्षीला उभा होता. लेखक गोगार्टी यांनी आपल्या पुस्तकात बेकेटच्या आत्याच्या सासरच्या मंडळींची बदनामी केली होती. गोगार्टी हरले, नऊशे पौंड भरपाई द्यावी लागली. आपल्या माणसांची इज्जत पुस्तकात जाते तेव्हा काय वाटते, हे बेकेटला ठाऊक होते. तरी टिकलपेनी छापला गेला. क्लार्क न्यायालयात गेले नाहीत.

आणि शेवट. गॅसच्या स्फोटात मर्फी मरतो. आपली राख डब्लिनच्या ॲबी थिएटरच्या संडासात, शक्य तर प्रयोग चालू असताना, सोडावी अशी त्याची इच्छा असते. पण राखेची पुडी घेऊन निघालेला नोकर दारूच्या गुत्त्यात भांडतो, पुडी फेकून मारतो, आणि मर्फी बिअर, थुंकी, विड्यांच्या थोटकांबरोबर झाडून काढला जातो. जेम्स जॉइसला हा उतारा इतका आवडला की त्याने तो तोंडपाठ केला होता. डिलन टॉमसने कादंबरीच्या परीक्षणात बरेच दोष काढले. आयरिस मर्डॉकने मात्र आपल्या पहिल्या कादंबरीतल्या नायकाजवळ 'मर्फी'ची प्रत ठेवली.

आमचे काय? मय्यतीला खांदा देण्यासाठी अनोळखी माणूसही चार पावले चालतो, अशा घरात आम्ही वाढलो. तो उतारा वाचून आम्ही हसलो, हे कबूल केले पाहिजे. वाक्ये आहेतच तशी. पण आमच्या एका दोस्ताला तो मोठ्याने वाचून दाखवायला घेतला आणि अर्ध्यावर आवाज अडला. दोस्त म्हणाला, "पुढे वाच, सीलियाचे काय झाले?"

सीलिया पुन्हा त्याच धंद्यात परतलेली असते. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये म्हाताऱ्या आजोबांना चाकांच्या खुर्चीत घेऊन आलेली. आजोबांच्या हातून पतंगाची दोरी निसटते, पतंग जातो. बाग बंद व्हायची वेळ होते आणि ती खुर्ची ढकलत चढ चढू लागते. ते पान आम्ही दोस्ताला हळू आवाजात वाचून दाखवले.