नऊ हजारांची लाल रेषा

माझ्या होंडा एस2000 चं इंजिन ऑइल खाऊ लागलं आहे. 2001 ची गाडी, आत एफ20सी. या इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंती तंतू मिसळलेल्या धातूच्या असतात. त्यांना ओरखडे पडले की नेहमीचं बोअरिंग करून भागत नाही. तेव्हा इंजिन बदलायचं हे नक्की. त्या जागी काय बसवायचं, एवढंच ठरायचं आहे. तसंच दुसरं एफ20सी, की 2004 पासून अमेरिकेतल्या एस2000 मध्ये आलेलं मोठं एफ22सी1? मन मोठ्याकडे ओढ घेतं आहे. ते का, हे स्वतःला नीट विचारल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही असं ठरवलं आहे.

ताकद वाढेल, असं मन सांगतं. आकडे तसं म्हणत नाहीत. 2004 साली होंडाने नव्या इंजिनाचीही ताकद जुन्याइतकीच, म्हणजे 240 हॉर्सपॉवर, जाहीर केली होती. बोअर तोच, 87 मिलिमीटर. स्ट्रोक मात्र 84 वरून 90.7 मिलिमीटर झाला आणि 1997 सीसीचे 2157 सीसी झाले. टॉर्क 153 पौंड-फुटांवरून 162 वर गेला आणि 7500 ऐवजी 6500 आरपीएमलाच मिळू लागला. फायदा आहे तो इतकाच. इथे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डोंगरात वळणातून बाहेर पडताना गाडी जरा आधी ओढ घेईल. ज्याला मोठे आकडे मिरवायचे आहेत त्याच्या हाती या खटाटोपातून काही लागणार नाही.

उलट एक आकडा जाईल: 9000. शिगेरू उएहारा यांच्या चमूने ही गाडी घडवली, 1999 साली ती बाजारात आली, आणि दोन लिटरचं बिनटर्बोचं इंजिन 9000 आरपीएमपर्यंत फिरतं म्हणून जगभर तिचं कौतुक झालं. मी ही गाडी घेतली तीही त्याच आकड्यापायी. मोठ्या इंजिनाची लाल रेषा 8000 ला आहे. होंडाने कच खाल्ली, असं आजही अनेक जण म्हणतात. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो, कारण हिशेब समोर आहे. 84 मिलिमीटर स्ट्रोकचा पिस्टन 9000 आरपीएमला सरासरी सेकंदाला 25.2 मीटर धावतो. 90.7 चा पिस्टन 8000 ला 24.2 मीटर धावतो. त्यालाच 9000 पर्यंत नेलं तर तो वेग 27.2 होतो. पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबून उलटा फिरतो आणि तो सगळा हिसका कनेक्टिंग रॉड आणि त्याचे बोल्ट सोसतात. लाल रेषा खाली आणणं हा इंजिनियरांचा प्रामाणिकपणा होता.

मला खरी चिंता आहे ती इथे. ही दोन इंजिनं बाहेरून इतकी सारखी आहेत की मोठं इंजिन जुन्या गाडीत फारशी खळखळ न करता बसतं. जुना ईसीयू, म्हणजे इंजिनाचं नियंत्रण करणारा संगणक, तसाच ठेवला तर गाडी सुरू होते, पळते आणि 9000 पर्यंत जातेही. डॅशबोर्डवरची पट्टी 9000 ला लाल होत राहील, पण इंजिनाची हद्द हजार आरपीएम आधीच संपलेली असेल. मला ते माहीत असेल. माझ्या मुलीला माहीत नसेल, आणि उद्या गाडी विकत घेणाऱ्यालाही नसेल. इंजिन फुटून मागच्या चाकाखाली ऑइल सांडलं तर काय होईल, हे सांगायला नको. समोरचं मीटर खोटं बोलत असलेली गाडी मी दुसऱ्याच्या हाती कशी देऊ?

कॅलिफोर्नियाचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. बदललेलं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत हवी, आणि राज्याच्या रेफरीने तपासून दाराच्या चौकटीत लेबल लावायला हवं. इंजिन दिसायला सारखं आहे, कुणाला कळणार, हा मोह मला होतो. तरीही रेफरीकडे जाणारच. इंजिन यार्डातून घेताना ज्या गाडीतून ते काढलं तिची कागदपत्रं मागणार, ब्लॉकवरचा नंबर पडताळणार. या गाडीचे सुटे भाग महाग असतात आणि म्हणूनच चोरीला जातात. नुसत्या स्वस्त किमतीवर भुलायचं नाही.

एक रुखरुख मात्र राहते. होंडाने 2004 मध्ये फक्त इंजिन बदललं नव्हतं. गिअरचं प्रमाण बदललं, सस्पेन्शन सुधारलं, 16 इंचांची चाकं 17 ची केली. त्या सगळ्यातून मी एकच तुकडा उचलतो आहे. माझी गाडी ना 2001 ची राहील, ना 2004 ची होईल. ज्यांना मूळ रूप जपायचं आहे त्यांनी एफ20सीच बसवावं, हे मला मनापासून पटतं. पण मी स्वतः गाडी कशी चालवतो? बायको शेजारी असते, आरपीएमची पट्टी बहुतेक वेळ तीन ते सहा हजारांत असते. 9000 मला लागतं ते इतरांना सांगण्यापुरतं, आणि इतक्याशा कारणासाठी ते धरून ठेवणं मला पटत नाही.

म्हणून एफ22सी1 बसवतो आहे. ते 2004 किंवा 2005 च्या गाडीतलं असेल, कारण 2006 पासून थ्रॉटल माझ्या गाडीसारखं केबलचं राहिलं नाही. ईसीयू त्याच गाडीचा घेणार, वायरिंगचं काम वाढलं तरी चालेल. मीटरवर 8000 ला ठळक खूण करणार आणि सगळी कागदपत्रं डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणार. तुमच्या जुन्या एस2000 मध्ये हे इंजिन आधीच बसवलेलं असेल आणि ईसीयू जुनाच असेल, तर कळकळीने सांगतो: आधी तिची आरपीएमची मर्यादा खाली आणा, आणि तोवर गाडीची किल्ली दुसऱ्या कुणाला देऊ नका.